महामार्ग वाचायचा कसा? नव्या चालकांसाठी पट्टे, कठडे, फलक आणि वाहतूक नियंत्रणाची ओळख

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे हे लक्षात आलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यासाठी रस्त्याची आखणी करणारे अभियंते साधारण अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ७० मीटर संपले. त्यानंतर गाडी थांबायला शंभरहून जास्त मीटर. अमेरिकी मानकांत या वेगासाठी चालकाला पुढचा १८५ मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे असा हिशेब आहे.

नवा चालक महामार्गावर गोंधळतो तो इथेच. शहरात चूक लक्षात आल्यावर थांबता येतं, इथे लक्षात येईपर्यंत चुकीची जागा मागे पडलेली असते. म्हणून महामार्गावर जे जे रंगवलेलं, रोवलेलं, टांगलेलं दिसतं ते दोनपैकी एका कामासाठी असतं: तुम्हाला काही सेकंद आधी कळवायला, नाहीतर तुम्ही चुकलात तर जीव वाचवायला. प्रत्येक वस्तूकडे बघताना ‘ही यातलं कोणतं काम करते?’ एवढा प्रश्न विचारला की निम्मा महामार्ग आपोआप कळतो.

एक सोय आधीच सांगून ठेवतो. काही देशांत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, काही देशांत उजव्या. त्यामुळे इथे डावी-उजवी न म्हणता ‘कडेची लेन’ आणि ‘दुभाजकाकडची लेन’ असे शब्द वापरले आहेत. आणि क्रम प्रवासाचाच ठेवला आहे, चढण्यापासून उतरण्यापर्यंत.

पायरी १: चढताना वेग जुळवा

जोडरस्ता महामार्गाला मिळतो तिथे काही अंतर एक जादा लेन शेजारून धावते. ती वेग वाढवायची लेन. नवखे लोक तिच्या सुरुवातीलाच बिचकतात, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतात आणि टोकाला जाऊन थांबतात. यापेक्षा धोकादायक जागा शोधून सापडणार नाही, कारण आता तुम्हाला शून्यावरून निघून शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांमध्ये घुसायचं आहे.

करायचं असं: जोडरस्त्याच्या उतारावर किंवा वळणावर असतानाच मुख्य रस्त्यावरची गर्दी बघून घ्या. जादा लेन लागली की इंडिकेटर द्या आणि ती पूर्ण लांबी वापरून वेग मुख्य लेनच्या बरोबरीला आणा. आरसा बघा, मान वळवून आरशात न दिसणारा कोपराही बघा आणि मोकळ्या फटीत शिरा. सहसा मुख्य रस्त्यावरच्या गाडीचा हक्क पहिला असतो. समोरचा बाजूला सरकला तर ते त्याचं सौजन्य, ते गृहीत धरू नका.

काही ठिकाणी या जोडरस्त्यावर एक छोटा सिग्नल असतो आणि प्रत्येक हिरव्याला एखादीच गाडी सोडली जाते. पुढे मोकळा महामार्ग दिसत असताना हे थांबणं फार खटकतं. पण यामागचं तर्कशास्त्र पक्कं आहे. दहा गाड्यांचा घोळका एकदम आत आला तर मुख्य लेनमधल्या कोणाला तरी ब्रेक मारावा लागतो, त्याच्या मागच्याला जास्त जोरात, आणि मग अख्खी रांग थबकते. तीच दहा माणसं चार-चार सेकंदांच्या अंतराने आली तर फटींमध्ये सामावून जातात. १९६३ मध्ये शिकागोच्या आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर हा प्रयोग झाला तेव्हा सिग्नलसुद्धा नव्हता. जोडरस्त्यावर एक पोलीस उभा राहून एकेक गाडी सोडत होता.

याचा खरा कस लागला तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. लोकांची ओरड वाढली म्हणून तिथल्या कायदेमंडळाने २००० साली मिनियापोलिस-सेंट पॉल भागातले असे चारशेहून अधिक सिग्नल काही आठवडे बंद ठेवायला लावले. निकाल आकड्यांत समोर आला: महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. सिग्नल पुन्हा सुरू झाले, फक्त जोडरस्त्यावर ताटकळण्याची वेळ कमी केली गेली. ओरड करणाऱ्यांचं तेवढं म्हणणं खरंच होतं.

पायरी २: आपली लेन ओळखा

नियम सोपा आहे. कडेची लेन चालायला, दुभाजकाकडची लेन पुढे जायला. ओव्हरटेक झालं की परत कडेला. ‘मी वेगमर्यादेतच आहे, मग दुभाजकाजवळून का जाऊ नये?’ असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचं उत्तर असं की तुम्ही तिथे ठाण मांडलं की मागचे चुकीच्या बाजूने पुढे काढू लागतात, आणि जिथून कोणी येईल अशी अपेक्षाच नसते तिथून गाडी येते. महामार्गावर जास्त वेगाइतकाच वेगातला फरक घातक असतो.

चढावर कडेला एक जादा लेन दिसली तर ती जड वाहनांसाठी, म्हणजे मागच्यांची रांग लागू नये म्हणून. स्वीडनने ही कल्पना सपाट रस्त्यावर नेली. १९९८ पासून तिथे तीन लेनचे असे रस्ते बांधले गेले की मधली लेन काही अंतर एका दिशेला आणि पुढे काही अंतर दुसऱ्या दिशेला मिळते, आणि दोन दिशांच्या मध्ये पोलादी दोरांचा कठडा असतो. ओव्हरटेकसाठी समोरच्या लेनमध्ये शिरायची सोयच उरत नाही. समोरासमोरच्या धडका अशाने जवळजवळ संपतात.

आणखी एक पद्धत आहे दिशा बदलणाऱ्या लेनची. सकाळी शहराकडे चार, संध्याकाळी बाहेरच्या बाजूला चार. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर हे काम अनेक वर्षं कर्मचारी हाताने प्लास्टिकचे खुंट एकेक रोवून आणि उपटून करायचे. २०१५ पासून तिथे सरकता दुभाजक आहे. एक अवजड यंत्र चालत जातं, पोटाखालून दुभाजकाचे ठोकळे उचलतं आणि एक लेन पलीकडे ठेवत जातं.

पायरी ३: पायाखालचं आधी वाचा

तुटक रेषा ओलांडता येते, अखंड ओलांडायची नाही, आणि दोन रेषा शेजारी असतील तर तुमच्या बाजूची रेषा तुम्हाला लागू. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. मजेदार आहे ती तुटक रेषेची लांबी. चालत्या गाडीतून एक तुकडा हात-दोन हात वाटतो. अमेरिकेत तो तब्बल ३ मीटरचा आणि पुढची मोकळी जागा ९ मीटरची असते. वेगात आपल्याला लांबी किती आखूड दिसते याचा हा चांगला धडा आहे, आणि अंतर मोजायची फूटपट्टीही.

पट्ट्यांच्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले किंवा वर भुरभुरलेले असतात. तुमच्या दिव्यांचा प्रकाश त्या मण्यांतून उलटा तुमच्याकडेच येतो म्हणून रात्री पट्टा उजळतो. पाऊस पडला की मण्यांवर पाण्याचा थर बसतो, प्रकाश इकडेतिकडे फाकतो आणि पट्टे गायब होतात. हा तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. अशा वेळी आधार असतो तो रस्त्यात बसवलेल्या उंच रिफ्लेक्टरचा, ज्याला आपण सर्रास कॅट आय म्हणतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या मूळ रचनेत काच रबराच्या खोबणीत बसते. वरून चाक गेलं की ती खाली दबते आणि रबर तिच्यावरून फिरून ती पुसून काढतं. गाड्या जातील तसा दिवा स्वच्छ होत राहतो!

रिफ्लेक्टरचे रंगही बोलतात. ब्रिटनमध्ये लेनच्या मध्ये पांढरे, कडेला लाल, दुभाजकाच्या बाजूला पिवळसर-नारिंगी आणि जोडरस्ता मिळतो-सुटतो तिथे हिरवे. दाट धुक्यात हिरवा दिसला की कडेची रेषा इथे तुटते आणि गाडी आत येऊ शकते हे कळतं. देशागणिक रंग बदलतात, तेव्हा नव्या देशात गाडी हातात घेण्याआधी हे एवढं पाहून घ्यावं.

कडेच्या रेषेबाहेर डांबरात खाचा पाडलेल्या असतात. साधारण १८ सेंटिमीटर रुंद, सव्वा सेंटिमीटर खोल, फूटभर अंतराने. चाक त्यावर गेलं की घरघराट होतो आणि स्टिअरिंग हातात थरथरतं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या गार्डन स्टेट पार्कवेवर १९५० च्या दशकात असे पट्टे आले. डुलकी लागलेल्या माणसासाठी यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय क्वचितच असेल. घरघर ऐकू आली तर दचकून स्टिअरिंग झटकू नका, हलक्या हाताने परत या. आणि अर्ध्या तासात दुसऱ्यांदा ऐकू आली तर पुढच्या थांब्यावर झोप काढा. चहा-कॉफी, खिडकी उघडी ठेवणं, गाणी मोठ्याने लावणं, यांपैकी कशानेही झोप जात नाही, थोडी लांबते.

पायरी ४: पुढच्या गाडीपासून किती लांब?

दोन सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सेकंद मोजायला लागा. दोन पूर्ण व्हायच्या आत तुम्ही तिथे पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हेच चार. मीटरमध्ये अंदाज करू नका, कारण वेग बदलला की मीटर बदलतात, सेकंद तेच राहतात.

काही देशांनी ही मोजणी रस्त्यावरच छापली आहे. फ्रान्सच्या महामार्गांवर कडेची रेषा लांब-लांब तुकड्यांत असते आणि फलक सांगतो की पुढच्या गाडीपर्यंत दोन तुकडे दिसले पाहिजेत, एकच दिसला तर धोका. ब्रिटनमध्ये काही पट्ट्यांत लेनवर बाणाच्या टोकासारख्या खुणा रंगवलेल्या असतात, त्यांतल्या दोन मोकळ्या ठेवायच्या.

हे अंतर फक्त धडक टाळायला नसतं, हे बहुतेक लेखांत येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. जपानमधल्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या सारख्या अंतराने उभ्या केल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारखं चालवायला सांगितलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ना सिग्नल होता, ना अपघात, ना लेन कमी होत होती. तरीही थोड्याच वेळात कोणीतरी किंचित जवळ गेलं, किंचित ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त लावला, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. ती कोंडी एका जागी न राहता ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकत राहिली. महामार्गावर अर्धा तास अडकून पुढे आल्यावर काहीच कारण दिसत नाही, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. कारण होऊन गेलेलं असतं, लाट मात्र मागच्यांना झेलावी लागते. पुढे पुरेशी जागा ठेवणारा चालक ब्रेकऐवजी नुसता पाय सैल सोडतो आणि त्याच्यापाशी लाट विरते.

पायरी ५: डोक्यावरचे फलक

याच लाटेवरचा इलाज वरच्या कमानीवर टांगलेला असतो. रस्ता मोकळा असताना डिजिटल फलकावर अचानक ८० किंवा ६० ची मर्यादा उमटते आणि चालक वैतागतो. एका लेनमधून तासाला ढोबळमानाने दोन हजारांच्या आसपास गाड्या जाऊ शकतात, आणि हा उच्चांक कमाल वेगाला गाठला जात नाही. तो त्याहून कमी, पण सगळ्यांच्या सारख्या वेगाला गाठला जातो. वेग उतरला की गाड्यांमधलं लागणारं अंतर कमी होतं, लेन बदलणं कमी होतं, ब्रेकचे झटके कमी होतात. लंडनला वळसा घालणाऱ्या एम २५ महामार्गावर १९९५ पासून अशी बदलती वेगमर्यादा आहे. पुढे पाच किलोमीटरवर लाट तयार होत असेल तर तुम्हाला इथेच हळू करून तिथे पोचायला उशीर करवतात, तोवर ती निवळावी म्हणून.

हे नियंत्रण कक्षाला कळतं कसं? डांबरात चौकोनी कापल्याच्या काळ्या रेषा कधीतरी दिसल्या असतील. त्याखाली तारेचं वेटोळं असतं. वरून धातूचा सांगाडा गेला की तारेतला विद्युत गुणधर्म बदलतो आणि गाडी मोजली जाते. लागोपाठ दोन वेटोळी असली की वेगही कळतो. आता कॅमेरे आणि रडारही हेच काम करतात, पण जमिनीतली तार धुक्यातही चुकत नाही.

लेनच्या वर लाल फुली दिसली की ती लेन बंद. पुढे काही दिसत नसलं तरी बंद. कदाचित कोणी माणूस टायर बदलत असेल, कदाचित रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवली असेल. खाली झुकलेला बाण म्हणजे त्या दिशेच्या लेनमध्ये सरका. हा इशारा वाचून लगेच लेन बदलणाऱ्याला जागा मिळते, शेवटपर्यंत थांबणाऱ्याला मिळेलच असं नाही.

गर्दीच्या वेळी साइडपट्टीच चालती लेन करायची पद्धतही आहे. इंग्लंडमध्ये एम ४२ वर २००६ मध्ये ती सुरू झाली, आणि पुढे काही महामार्गांवर साइडपट्टी कायमची काढून टाकली गेली. गाडी चालत्या लेनमध्येच बंद पडली तर काय, या प्रश्नावर इतका वाद झाला की २०२३ मध्ये तिथल्या सरकारने असे नवे महामार्ग बांधायचे थांबवले. माझं मत विचाराल तर रस्ता रुंद न करता क्षमता वाढवायची ही युक्ती कागदावर देखणी आहे, पण थांबायला जागा नसलेल्या रस्त्यावर माणूस सतत दडपणाखाली चालवतो.

सरासरी वेग मोजणारे कॅमेरे वेगळे. दोन कमानींमध्ये तुम्हाला किती वेळ लागला यावरून वेग काढतात, म्हणून कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पळवण्यात अर्थ नाही.

स्थिर फलकांबद्दल थोडक्यात: १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार अनेक देशांत लाल कडेचा त्रिकोण सावध करतो आणि लाल कडेचं वर्तुळ मनाई किंवा मर्यादा सांगतं. सावध करायला काही देश पिवळा चौकोन टोकावर उभा करून वापरतात. दिशादर्शक फलकांचा रंग मात्र जागतिक नाही: जर्मनी आणि ब्रिटनच्या महामार्गांवर निळा, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये हिरवा.

पायरी ६: कडेला काय उभं आहे ते बघा

मला स्वतःला महामार्गाचा हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण इथे चालक चुकणारच हे मान्य करून काम केलेलं असतं.

सुरुवात मोकळ्या जागेपासून. १९६० च्या दशकात जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानावर असं आढळलं की रस्ता सोडून गेलेल्या गाड्यांपैकी सुमारे ८० टक्के गाड्या कडेपासून ९ मीटरच्या आत सावरतात किंवा थांबतात, तिथे आदळण्यासारखं काही नसेल तर. तेव्हापासून कडेला झाड, दगडी खांब, खोल चर नसलेला सपाट पट्टा ठेवायची रीत पडली. आता फलकाचा खांब तर हवाच. मग त्याच्या बुडाशी बघा: जमिनीलगत दोन पोलादी चकत्या बोल्टने जोडलेल्या दिसतील. गाडी आदळली की बोल्ट निसटतात, खांब बुडापासून सुटून वर उडतो आणि गाडी खालून निघून जाते. कमकुवत वाटणारा खांब मुद्दाम कमकुवत केलेला असतो.

जागा नसेल किंवा पलीकडे दरी, पूल, समोरची वाहतूक असेल तिथे कठडा येतो. कठड्याला धडकणं हासुद्धा अपघातच आहे. तो फक्त पलीकडच्या गोष्टीपेक्षा सौम्य असतो, आणि म्हणूनच गरज नसेल तिथे कठडा घालत नाहीत. त्याचे तीन मुख्य प्रकार.

पोलादी दोरांचा कठडा सगळ्यांत मऊ. दोर दोन-तीन मीटर ताणले जातात, खांब आडवे पडतात आणि गाडी हळूहळू थांबते. पण मागे तेवढी मोकळी जागा लागते. 

‘डब्ल्यू’ आकाराच्या पत्र्याचा कठडा मधला. तो भिंतीसारखा अडवत नाही, पट्ट्यासारखा ताणला जाऊन गाडीला रस्त्याला समांतर वळवतो. पत्रा आणि खांब यांच्यामध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा असतो, तो चाक खांबात अडकू नये म्हणून. ताण टिकायचा तर दोन्ही टोकं जमिनीत घट्ट हवीत, आणि तिथेच जुन्या कठड्यांचा दोष होता: उघडं टोक भाल्यासारखं गाडीत घुसायचं. आताच्या चांगल्या टोकांना एक जाड डोकं बसवलेलं असतं. धडक बसली की ते डोकं पत्र्यावरून मागे सरकतं, पत्रा चपटा करत बाजूला वळवून टाकतं आणि त्यात धडकेची ऊर्जा जिरते.

तिसरा काँक्रीटचा, खाली रुंद आणि वर निमुळता. तो जवळजवळ हलत नाही, म्हणून अरुंद दुभाजकात वापरतात. त्याचा उतार शोभेचा नाही. गाडी लहान कोनात घासली तर टायर त्या उतारावर चढतो, गाडी जराशी उचलली जाते आणि पत्रा फारसा न चेपता परत रस्त्यावर येते. हा आकार न्यू जर्सीत १९५० च्या दशकात विकसित झाला आणि त्याच नावाने ओळखला जातो. पुढे लहान गाड्या उतारावर जास्तच चढून उलटू लागल्या, म्हणून खालचा उतार जिथे संपतो तो कोपरा ३३ सेंटिमीटरवरून २५ वर आणलेला नवा आकार आला.

जोडरस्ता फुटतो त्या चोचीत, जिथे दोन कठडे मिळतात, तिथे पिवळी पिंपं उभी दिसतील. ती जॉन फिच या मोटार शर्यतपटूची देणगी. १९५५ च्या ल मान्स शर्यतीत त्यांचे सहचालक पिएर लेवेग यांची गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. फिच पुढे रस्ता सुरक्षेच्या कामाला लागले. त्यांच्या पिंपांत वाळू असते, पण सारखी नाही: पुढच्या पिंपात नव्वद-शंभर किलो, मागे मागे वाढत शेवटच्या पिंपांत नऊशेच्या वर. गाडी पहिलं पिंप सहज फोडते, पुढचं जरा जड जातं, आणि वेग टप्प्याटप्प्याने उतरतो.

पायरी ७: काम चालू असलेला पट्टा

इथे शंकूंची तिरकी रांग तुम्हाला एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये ढकलते. तिची लांबी सूत्राने ठरते. अमेरिकी पद्धतीत ३.६ मीटरची लेन ताशी १०० वेगाला बंद करायची तर २२५ मीटर. काम चाललेलं न दिसताच शंकू सुरू होतात, ते या हिशेबामुळे. युरोपात बऱ्याच ठिकाणी तात्पुरत्या रेषा पिवळ्या असतात आणि त्या असेपर्यंत पांढऱ्यांना अर्थ नसतो.

लेन कमी होते तिथे गर्दी असेल तर लवकर घुसू नका. दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरा आणि तोंडाशी एक इकडची, एक तिकडची असं आत जा. जर्मनीत हे कायद्यातच आहे. शेवटपर्यंत जाणाऱ्याला बहुतेकजण आगाऊ समजतात, पण रिकामी सोडलेली लेन म्हणजे रांग दुप्पट लांब. वाहतूक मोकळी धावत असेल तेव्हा मात्र वेळेत लेन बदललेली बरी.

मागे जाळीदार पिवळी-काळी गादी लावलेला सावकाश ट्रक दिसला तर तो कामगारांची ढाल आहे. त्याच्याजवळ वेग कमी करूनच जा.

पायरी ८: लांब उतार

ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि पकड सोडतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी अशा उताराच्या कडेला बहुधा चढाचा, सुट्या गोल खडीचा फाटा असतो. गोल खडी एकमेकींत अडकत नाही, म्हणून चाकं खोल रुततात आणि वजनदार ट्रकही काही सेकंदांत थांबतो. त्याच्या तोंडाशी फोटो काढायला गाडी उभी करणारे महाभाग असतात. मागून ट्रक आला तर त्याला दुसरी जागा नसते.

पायरी ९: गाडी बंद पडली तर

शक्य असेल तर पुढच्या थांब्यापर्यंत किंवा गाडी थांबवायला कडेला खास बांधलेल्या खोबणीपर्यंत रेटा. नाहीच जमलं तर साइडपट्टीवर जितकं बाहेर जाता येईल तितकं. धोक्याचे चारही दिवे लावा, वाहतूक नसलेल्या बाजूच्या दारातून सगळ्यांना उतरवा आणि कठड्यापलीकडे न्या. गाडीच्या पुढे उभं राहू नका. मागच्या बाजूला, म्हणजे वाहतूक जिकडून येते तिकडे थोडं सरकून थांबा. कोणी तुमच्या गाडीला धडकलं तर ती पुढे ढकलली जाते. युरोपात बऱ्याच देशांत मागे १०० मीटरवर त्रिकोण ठेवायला सांगतात, ब्रिटनमध्ये मात्र महामार्गावर तो ठेवू नका असाच सल्ला आहे, कारण ठेवायला जाणारा माणूसच धोक्यात येतो.

मदत मागताना कडेच्या छोट्या खांबावरचा आकडा सांगा. ब्रिटनमध्ये असे खांब दर १०० मीटरवर असतात आणि त्यांवरचा बाण जवळच्या आपत्कालीन फोनची दिशा दाखवतो. ‘पुलाच्या पुढे, झाडांपाशी’ या वर्णनाने कोणी लवकर पोचत नाही.

कोंडीत अडकलात तर लेनच्या मध्यावर न थांबता बाजूला राहा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात दुभाजकाकडच्या लेनमधल्या गाड्या दुभाजकाकडे आणि बाकीच्या सगळ्या कडेकडे सरकतात, मधून रुग्णवाहिका जाते. वाहतूक थांबायला लागली की लगेच सरकायचं असतं, सायरन ऐकू येईपर्यंत हलायलाच जागा उरत नाही.

पायरी १०: उतरताना

बाहेर पडायचा फाटा साधारण तीनदा सांगितला जातो: लांबून एकदा, जवळ आल्यावर एकदा आणि फाट्यावर. काही देशांत त्याआधी तीन, दोन, एक अशा तिरक्या पट्ट्यांचे छोटे फलक असतात. जर्मनीत ते ३००, २०० आणि १०० मीटरवर. तीन पट्टे दिसेपर्यंत तुम्ही कडेच्या लेनमध्ये असायला हवं.

ब्रेक मुख्य लेनमध्ये लावू नका. वेग कमी करायची लेन लागल्यावर लावा, आणि तेव्हा डोळ्यांवर भरवसा न ठेवता वेगाच्या काट्याकडे बघा. तासभर शंभरने चालवल्यावर साठचा वेग रांगल्यासारखा वाटतो आणि माणूस वळणात जास्त वेगाने शिरतो. वळणावरचे काळे-पिवळे बाण जितके जवळजवळ, तितकं वळण तीव्र.

फाटा चुकला तर पुढच्या फाट्यावर उतरा. थांबून मागे घेणं, चोचीवरच्या तिरक्या पट्ट्यांवरून आडवं कापणं, यांतलं काहीही करायचं नाही. आणि परतीच्या वाटेवर चढताना ‘प्रवेश नाही’ची पाटी समोर आली, किंवा रस्त्यातले रिफ्लेक्टर नेहमीच्या रंगाऐवजी लाल चमकले (अमेरिकेत ते उलट दिशेने येणाऱ्याला लाल दिसतील असेच बसवतात), तर तुम्ही उतरायच्या रस्त्याने चढताय. तिथल्या तिथे कडेला थांबा, दिवे लावा आणि पोलिसांना फोन करा.